रेषेच्या बाहेरून

मला फुटबॉल कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी चुका काढत बसायला नको. ऑफसाइड काय असतं ते भाच्यानं एकदा ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून मला समजावलं होतं, आणि समजेपर्यंत भाकरी संपली. पण मॅच सुरू झाली की पहिल्या मिनिटाला मला एक गोष्ट कळायची. आज मैदानात आमचा पोरगा उतरलाय, की दुसराच कोणी.

दुसरा कोण, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मग मधला, आणि मी शेंडेफळ. गाव मिरजगावच्या अंगाला, सीना नदीच्या काठचं. मधला अठराव्या वर्षी गेला. विहिरीतला गाळ काढायला उतरला, आत वायू साचलेला होता, आणि वर आला तो दोराला बांधूनच. लग्न ठरत आलं होतं त्याचं. आमच्याकडं असा कोणी हळद लागायच्या आधी गेला की त्याचा वीर होतो. वीर म्हणजे चांदीचा टाक, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस. तो देव्हाऱ्यात ठेवायचा. वर्षभर तो बसलेला असतो. धुळवडीला मात्र त्याला उठवायचं.

उठवायचं म्हणजे खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा, आणि घरातल्या बिनलग्नाच्या पोरानं ते हातात धरून पळत सुटायचं. पायात घुंगरू, मागं हलगी. घरापासून मारुतीपर्यंत आणि तिथून नदीपर्यंत. गावातली पोरं आडवी येतात, त्या फडक्याला हात लावायला बघतात. हात लागला की परत घरी यायचं आणि पहिल्यापासून पळायचं. नदीवर पोचलं की वीराच्या बहिणीनं विचारायचं, “दमलास का? बसतोस का?” धरणारा म्हणतो, “बसतो.” मग टाकाला अंघोळ घालायची आणि घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचा. ही आमच्या घरची रीत. दुसऱ्यांची थोडी वेगळी असेल.

वीराची बहीण म्हणजे मीच. लग्न होऊन सासरी गेले होते, पण नवरा लवकर वारला आणि मी माहेरी आले ती आलेच. दादाला तीन मुलींवर हा मुलगा झाला, तो वाढला माझ्याच मांडीवर. वहिनी शेतात, मी घरात. सात-आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा त्याच्या हातात वीर दिला. आणि तो पळाला तेव्हा माझ्या हातातली आरती तिरकी झाली. डावा खांदा असा खाली टाकला, समोरच्या दांडगटाला वाटलं हा डावीकडून जाणार, तोवर हा भलतीकडूनच पसार. हे पळणं मी ओळखत होते. लहानपणी शेरडं घेऊन घरी येताना मी मधल्याच्या मागं धावायचे, तेव्हा तो असाच पळायचा. या पोरानं तर त्याला पाहिलंही नव्हतं. घरात त्याचा फोटो आहे तो लग्नासाठी काढलेला, खुर्चीवर बसलेला.

त्या दिवसापासून आमच्या वीराला कोणाचा हात लागला नाही. शेजारपाजारची पोरं म्हणायची, “ह्याला धरणं म्हंजी धूर मुठीत घ्यायचा.”

पुढं शिकायला नगरला ठेवला. नगरात कॅम्पाच्या बाजूला फुटबॉल जुना, गोऱ्यांच्या पलटणीपासूनचा. तिथल्या शाळेत मास्तरांनी ह्याला पळताना पाहिलं आणि डाव्या रेषेला नेऊन उभा केला. विंगर म्हणतात त्याला. मैदानाच्या अगदी कडेनं, रेषेला धरून पळायचं, आडव्या येणाऱ्याला चुकवायचं आणि चेंडू आत पोचवायचा. पोरगं सुट्टीला आलं आणि म्हणालं, “आत्या, धुळवडीसारखंच हाय. फक्त वीर हातात न्हाई, पायात हाय.” वहिनीनं त्याला धपाटा घातला. वीराला पायात म्हणू नये.

नगरहून पुण्याच्या क्लबात, तिथून त्याचं नाव गोव्याकडं गेलं. आणि त्याच वर्षीच्या धुळवडीला ते झालं.

सकाळी वीर उठवला होता. पोरगा मारुतीपर्यंत पोचला आणि इकडं दादाचा फोन वाजला. गोव्याच्या क्लबातला डाव्या बाजूचा खेळाडू जायबंदी झाला होता. आज संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचलात तर उद्या विमान, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे. दादानं शेजारची जीप सरळ नदीवर नेऊन उभी केली. पोरगा हलगीच्या पुढं पळत आला, दादानं त्याला दोन शब्दांत सांगितलं, त्यानं फडकं माझ्या हातात दिलं, घुंगरू सोडलं, आणि जीपमध्ये बसला. मी विचारायला तोंड उघडलं तोवर धुरळा.

मी म्हणाले, “दादा, विचारलं न्हाई अजून.”

दादा म्हणाला, “विचारल्यासारखंच हाय. अंघोळ घाल आन् ठेव. त्याचं भलं होतंय, तर वीराला काय राग येणार हाय?”

तसं केलं. टाक धुतला, देव्हाऱ्यात ठेवला. पण वहिनी तेव्हापासून म्हणायची, की हा नुसता टाक ठेवलाय, वीर बसलेला नाही. उठलेला वीर तसाच गेला जीपमध्ये. दुसऱ्या वर्षी चुलतभावाच्या मुलाच्या हातात वीर द्यायचं निघालं, तर तिनं दिला नाही. “जो बसलाच न्हाई त्याला उठवायचं कसं?” पोराला मार्चात क्लबातून सुट्टी मिळायची नाही. आमच्याकडची धुळवड तेव्हापासून सुनीच जायला लागली.

आता त्याच्या खेळाचं सांगते.

पहिली मॅच आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. शेवटच्या अर्ध्या तासासाठी त्याला उतरवला. पहिल्या धावेलाच डावा खांदा खाली गेला, आणि पुढचा अर्धा तास त्या विरुद्ध बाजूच्या माणसांना काही सुचलं नाही. एक जण तर स्वतःच्याच पायात अडकून पडला. बोलणारा माणूस टीव्हीवर ओरडत होता. दादाच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र पदर तोंडावर धरून बसले होते, कारण मला पडद्यावर मधला दिसत होता. तो मरून इतकी वर्षं झाली आणि तो गोव्यात हिरव्या गवतावर पळत होता.

पुढच्या मॅचला खांदा हललाच नाही. पोरगं रेषेवर उभं राहिलं, चेंडू आला तर आल्या वाटेनं परत दिला, आणि मधेच त्याला बाहेर काढलं.

असंच चाललं. वर्षानुवर्षं. एक मॅच अशी की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि पुढच्या चार अशा की नाव शोधावं लागायचं. गोव्याच्या क्लबानं कंटाळून सोडला, कोलकात्याच्यानं हौसेनं घेतला, मग केरळच्यानं. जिथं जाईल तिथं पहिल्यांदा डोक्यावर घ्यायचे आणि नंतर बाकावर बसवायचे. एकदा तर देशाच्या संघासाठी शिबिराला बोलावलं होतं. गावात पेढे वाटले. तिथं आठवडाभर तो नुसता उभा राहिला आणि परत आला. एका कोचनं दादाला फोन करून विचारलं, घरात काही अडचण आहे का, मुलगा काही घेतो का. दादा म्हणाला, “घेतो की. चहा घेतो.” मग फोन ठेवून ओट्यावर जाऊन बसला.

त्यातला एक फोटो माझ्याकडं आहे. कोलकात्यातला. चेंडू त्याच्या पायापाशी, दोन जण अंगावर आलेले, आणि हा चेंडूकडं बघतच नाही. मान डावीकडं, रेषेच्या बाहेर. तिथं कोणी नाही, नुसतं गवत आहे. पण तोंड असं, की कोणीतरी काही बोललंय आणि ह्याला हसू येतंय. तो फोटो मी कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय. बाहेर लावायला मन धजत नाही.

चांगली मॅच झाली की मी फोन करायचे, आणि दर वेळी तो तेच विचारायचा. “गोल कोणी केला, आत्या?” मला आधी चेष्टा वाटायची. मग कळलं, त्याला खरंच आठवत नसायचं. वाईट मॅच मात्र मिनिटामिनिटानं आठवायची.

केरळात असताना एकदा त्यानं मला सांगितलं. मी अंगणात शेंगा निवडत होते, फोन कानाला आणि खांद्याला धरून.

“तुला म्हणून सांगतो, आत्या. हसू नको.”

“हसले तर काय करशील इतक्या लांबून?”

“ज्या दिवशी चांगला खेळतो ना, त्या दिवशी रेषेबाहेरून कोणीतरी पळतं माझ्याबरोबर. डावीकडनं.”

“लाइनमन असंल.”

“लाइनमनला बूट असतात. हे अनवाणी पळतं.”

मी शेंगा खाली ठेवल्या.

“आन् घुंगरासारखं वाजतं,” तो म्हणाला. “मी काय करत न्हाई आत्या. मी फक्त त्याच्या पुढं ऱ्हातो. ते अंगाला येतं असं वाटलं की खांदा आपोआप खाली जातो. ज्या दिवशी ते येत न्हाई त्या दिवशी मला कळतच न्हाई कुठं जायचं. एवढं मोठं मैदान, लोकं ओरडतात, आन् मी आपला हुभा.”

“भ्या वाटतं का?”

“त्याचं न्हाई वाटत. मला हे कळत न्हाई की खेळतो कोण. टाळ्या मला मिळतात. पोरं सह्या घेतात. पण माझ्यात कायतरी हाय का, का मी नुसता पळणाऱ्याच्या पुढं पळणारा हाय? एकदा एवढं कळलं ना, की मग बाकावर बसवू दे न्हाईतर घरी पाठवू दे.”

हे मी वहिनीला सांगितलं आणि वहिनीनं दादाला. जेवताना विषय निघाला.

दादा म्हणाला, “फुटबॉलला कुठला आलाय वीर? त्यो पायानं खेळायचा खेळ हाय.”

“मग वीर काय डोक्यानं पळतो?” वहिनी म्हणाली. “जीप कोणी आनली हुती?”

“जीप आनली नसती तर आज गोऱ्हं राखीत असता.”

“राखीत असता. पण एकटा राखीत असता.”

दादानं ताटात हात धुतला आणि उठला. पण तेव्हापासून तो मॅच बघताना पडद्याच्या डाव्या कडेला बघायला लागला, हे मी पाहिलंय.

माझं मन मात्र दोन्हीकडं होतं. पोराचे हाल दिसत होते. पण वीर बसवला की मधलाही गेलाच. त्याला मी पोरवयात गमावलं होतं, आणि म्हातारपणी तो मला पडद्यावर परत मिळाला होता, महिन्यातून एकदा का होईना. कोणाला सांगणार हे?

यंदा पोरगं एकतिशी ओलांडून गेलं, तरी बिनलग्नाचंच. आता ज्या क्लबात आहे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की हंगाम संपेपर्यंत बघू, मग ठरवू. ह्या वयात सोडला की दुसरा कोणी घेत नाही. त्यात मार्चात सलग दोन मॅच तो इतका वाईट खेळला, की कोचनं त्याला आठवडाभर घरी जाऊन डोकं शांत कर म्हणून पाठवलं. आणि तो घरी आला तेव्हा धुळवड तोंडावर होती. वहिनीनं लाल फडकं धुऊन वाळत टाकलं. ज्याच्याबरोबर वीर गेला होता, तोच घरी आला होता.

इतक्या वर्षांनी आमचा वीर निघाला. गावातली पोरं आता मोबाईल काढून उभी. पोरगा दारातून निघाला, पायात घुंगरू, आणि मी बघत होते की कोण आडवं येतंय. कोणीच आलं नाही. एवढा टीव्हीतला माणूस, म्हणून असेल. पण हलगीवाला मला नंतर म्हणाला, “आत्या, वाट आधीच मोकळी व्हत हुती. ह्यो पोचायच्या आधी.” मी दारातून तेवढं बघून रिक्षानं पुढं नदीवर गेले होते, त्यामुळं मला ते दिसलं नाही.

फाल्गुनात नदीला पाणी कुठलं, एक डोह तेवढा राहतो. तो डोहाच्या काठाला येऊन थांबला. धाप लागलेली. माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या जरा बाजूला बघत होता.

मी विचारलं, “दमलास का?”

तो बाजूलाच बघत राहिला. हलगी थांबली होती. दादा चप्पल काढून उभा.

परत विचारलं, “दमलास का? बसतोस का?”

मला वाटलं होतं आवाज वेगळा निघेल. आपण ऐकलेलं असतं ना तसं काहीबाही. पण तसं काही झालं नाही. त्याच्याच आवाजात, जरा घोगरा, तो म्हणाला, “बसतो,” आणि पाण्यात गुडघ्यावर बसला. टाकाला अंघोळ घातली. घरी आणून देव्हाऱ्यात ठेवला. त्या दिवशी पोरगं दुपारी जे झोपलं ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठलं. मी चुलीपाशी बसून रडून घेतलं. वहिनीनं विचारलं तर धूर म्हणाले. गॅसला कुठला धूर. पण तिनंही पुढं विचारलं नाही.

तो परत गेला. पहिली मॅच पाहिली. खांदा हलला नाही. पण तो उभाही राहिला नाही. इकडून तिकडं पळाला, चेंडू नेटका दिला, शेवटपर्यंत टिकला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, खेळ परिपक्व झालाय. पोरगं फोनवर खुशीत. “आत्या, आज काय काय झालं सगळं आठवतंय मला. डावीकडं कोणी न्हाई. मी एकटा.” मी म्हणाले, बरं झालं बाबा. आणि खरंच बरं झालं होतं. पण मॅच बघायची मला गोडी राहिली नाही. मी मधेच उठून भांडी घासायला जायचे.

तशीच चौथ्या मॅचला उठून गेले होते, आणि दादानं हाक मारली. “ये गं. ये लवकर.”

आले तर डावा खांदा खाली गेलेला. पोरगं सुटलं होतं. रेषेला धरून असं, की समोरचे तिघं एकामागं एक वळत राहिले. पहिल्या मिनिटाला कळायचं मला, त्या दिवशी मागाहून कळलं. मी आधी देव्हाऱ्याकडं बघितलं. टाक जागेवर होता. दुपारीच मी त्याला जास्वंदीचं फूल घातलं होतं, ते हललं नव्हतं.

मॅच संपल्यावर त्याचाच फोन आला.

“त्यो घरात हुता ना, आत्या?”

“घरातच हाय. बसलेला.”

“मग आज कोण हुतं?”

मी परत देव्हाऱ्याकडं बघितलं.

“आन् आज मी नीट ऐकलं,” तो म्हणाला. “आज मला सगळं आठवतंय. इतके दिवस घुंगरू वाटायचं मला. घुंगरू न्हाई ते. बांगड्या हायेत. काचेच्या. पळताना वाजतात तशा.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. हात आपोआप मनगटावर गेला. तिथं काही नाही, नवरा गेल्यापासून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर दाढी करत होता. मी समोर जाऊन बसले.

“दादा, मधला पळायचा कसा?”

“कसा म्हंजी? पायानं.”

“चेष्टा नको. डावा खांदा टाकून पळायचा ना?”

दादानं वस्तरा खाली घेतला. आरशातच माझ्याकडं बघितलं.

“त्यो? त्यो सरळ पळायचा. काठीसारखा. खांदा तू टाकायचीस.”

“मी?”

“मग कोण? शेरडं घेऊन येताना तू म्होरं आन् त्यो मागं, थांब गं थांब गं करत. एकदा तरी घावलीस का त्याला? आई म्हनायची, ही पोरगी वाऱ्याला धडका मारीत चाललीया. तुझ्या बांगड्यांनी कावून जायची. दर बाजाराला नवा डझन भरायला लागायचा.”

“मला तर त्याची पाठ आठवते. मी मागनं पळतीया आन् त्यो म्होरं.”

“ते मला ठावं न्हाई,” दादा म्हणाला आणि परत आरशात गाल फुगवला. “मी जे बघितलं ते सांगितलं.”

मी तिथंच बसून राहिले. आठवायला लागले. शेरडं आठवली, वाट आठवली, पायाखालचा फुफाटा आठवला. पुढं पाठ होती, खांदा खाली जात होता. पण तोंड काही दिसेना. मी पळत होते असं मला कुठंच आठवेना. चौदाव्या वर्षी लग्न झालं. त्यानंतर बाई पळते कुठं? चालते, वाकते, उठते, बसते. मग मी आधी पळत असेन, तर ते पळणं गेलं कुठं? मधला टाकात बसवला, त्याला दर वर्षी पाण्याला नेलं, दमलास का विचारलं. दुसरं कोणी दमलं असेल, उभं राहिलं असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी तर घरातच होते, जिवंत, भाकरी थापत.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आपलंच काहीतरी आपल्याला न सांगता इतकी वर्षं बाहेर हिंडतंय. गोव्याला जातंय, कोलकात्याला जातंय, आणि आपण इकडं पदर तोंडाला लावून बघतोय, भाऊ समजून.

पोराला सांगावं की नाही, ह्यात दोन दिवस गेले. मग सांगितलं. दादा जसा बोलला तसंच. मला वाटलं लाईन गेली.

मग म्हणाला, “म्हंजी तुझ्या पुढं पळत हुतो मी?”

“दादा म्हनतो.”

“तू कशी येतीस पण? तुला तर मोरीपर्यंत जाताना भिंत लागते.”

“मला काय ठावं बाबा. मी येत न्हाई. मी हितं बसलेली असते, तुझा बाप साक्षी हाय.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी तसं हसला. मग आवाज उतरला. “शनिवारी शेवटची मॅच हाय आत्या. त्यावर ठरणार हाय, ठेवायचं का न्हाई ते. येशील का?”

“मला एसटीची पायरी चढवत न्हाई.”

“मी एसटीनं ये म्हनतच न्हाई.”

मी हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. भ्यायलेच होते. त्याला हवं होतं ते कळलं होतं, पण ते माझ्यानं कसं होतं हेच मला माहीत नव्हतं, तर कबूल काय करू? आणि समजा कबूल करून काही सुटलंच माझ्यातून, तर ते परत येईल का, हाही एक विचार.

शनिवारी मी ठरवून कॉटवर बसले. मांडी घालून, दोन्ही पाय अंगाखाली घट्ट धरून. म्हटलं आज जे व्हायचं ते त्याचं त्यानं. त्यालाच तर कळून घ्यायचं होतं, आपल्यात काय आहे ते. दादा खुर्चीत, वहिनी उंबऱ्याशी लसूण सोलत.

पोरगं उतरलं. खेळत होतं, नेटकं. चेंडू घेत होतं, देत होतं. पण समोरचा गडी दांडगा होता, दर वेळी ह्याला रेषेबाहेर ढकलत होता. त्यांचा एक गोल झाला. मग दुसऱ्या अर्ध्यात टीव्हीवर दाखवलं, की ह्यांचा एक तरणा मुलगा बाकावरून उठून कडेला अंग मोकळं करतोय. ते दाखवलं म्हणजे काय असतं तेवढं मला कळतं. वहिनी म्हणाली, “काढत्यात वाटतं त्याला.” दादा खुर्चीत पुढं सरकला.

चेंडू बाहेर गेला होता. पोरगं कमरेवर हात ठेवून रेषेवर उभं. आणि त्यानं मान वळवली, डावीकडं, बाहेर. तिथं नुसतं गवत. तो बघत राहिला. तोंडावर हसू नव्हतं. बाजाराला नेते म्हणून आईनं ओट्यावर बसवलेलं पोर वाट बघतं ना, तसा.

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मी मांडी मोडली आणि दोन्ही पाय खाली फरशीवर सोडले.